आईच्या पायाचे दोन टक्के

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

प्रशिक्षण काल संपलं. तीन दिवस तुमचे फोन घाईघाईने ठेवले, त्याबद्दल माफ करा. जे सांगायचं आहे ते फोनवर बोलता आलं नसतं. आईने दुसऱ्याच वाक्याला "जाऊ दे गं, झालं ते झालं" म्हणून विषय मिटवला असता. म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आमच्या रुग्णालयात दर बुधवारी दिव्यांग तपासणीचा बोर्ड बसतो. पुढच्या महिन्यापासून हाडांच्या तपासणीला मी असेन, त्याचंच हे प्रशिक्षण होतं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. मोजायचे नियम 2018 मध्ये आले आणि मार्च 2024 मध्ये सुधारले गेले. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के अपंगत्व लागतं, हे मात्र तेव्हाही होतं आणि आजही आहे. एक डोळा पूर्ण गेलेल्या माणसाचे 30 टक्के धरतात, म्हणजे तो रेषेच्या अलीकडेच राहतो.

पहिल्या दिवशी पाय कसा मोजायचा ते शिकवलं. स्नायूंच्या ताकदीला 0 ते 5 अशी श्रेणी देतात. 3 म्हणजे माणूस पाय उचलतो, पण मी हाताने दाबलं की तो खाली जातो. पाय आखूड असेल तर पहिला अर्धा इंच धरत नाहीत, पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला 4 टक्के. हे ऐकलं आणि आई, मला तुझी डावी चप्पल दिसली. बाबा दर दिवाळीला चांभाराकडून तिला दीड इंचाचा सोल लावून आणायचे ना? म्हणजे नुसत्या सोलचेच 8 टक्के झाले.

मग पायाच्या स्थैर्याचा तक्ता आला. त्यात नऊ गोष्टी करून बघायच्या असतात, प्रत्येकीला 10 गुण. सपाट जमिनीवर चालणं, चढावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं! हे सरकारी कागदावर आहे, आई. लग्नाच्या पंगतीत तू कधी बसली नाहीस, "मला वाढायला आवडतं" म्हणायचीस. सत्यनारायणाला बाबांच्या शेजारी स्टुलावर बसायचीस आणि काकू कुजबुजायच्या. त्या सगळ्याला तक्त्यात जागा होती.

2004 मध्ये मी सहावीत होते. तुझ्यासोबत सिव्हिलच्या बाकावर सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत बसले होते. आत दोन मिनिटं लागली. डॉक्टरांनी टेप लावली, पडदा न ओढता साडी वर घ्यायला सांगितली, "चाला" म्हणाले. तू चाललीस. ते लिहीतच होते, वर बघितलं नाही. 38 टक्के. तुला कुणी जिना चढायला लावला नाही, खाली बसून दाखव म्हटलं नाही. घरी येताना एसटीचं पूर्ण तिकीट काढताना तू मला म्हणालीस, "माझा पाय बरा आहे असं डॉक्टर म्हणाले." मी ते कित्येक वर्षं खरं मानत होते.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते मी विसरू शकत नाही. गोनिओमीटर म्हणून एक साधन असतं, कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडाव्यात तसं. आम्ही पाच डॉक्टरांनी एकाच माणसाचा एकच गुडघा मोजला. पाच आकडे आले, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात 12 अंशांचा फरक. पट्टी हाडाच्या नेमक्या कुठल्या टोकावर धरायची, यातच सगळं होतं. शिकवणाऱ्या मॅडमनी सगळ्यांकडून पुन्हा मोजून घेतलं, तिसऱ्या वेळी आकडे जवळ आले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन थोडा वेळ उभी राहिले. 38 आणि 40 यांच्यातलं अंतर त्या डॉक्टरांच्या हातातल्या पट्टीएवढंच असू शकतं, आणि आपण ते वीस वर्षं तुझ्या पायाचं म्हणून धरून बसलो.

बाबा, तुमच्यासाठी एक गणित. एका माणसाला 30 टक्के आणि 20 टक्के अशी दोन अपंगत्वं असतील तर बेरीज 50 होत नाही. 90 मधून मोठा आकडा वजा करायचा, जे येईल त्याला लहान आकड्याने गुणायचं, 90 ने भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. करून बघा, 43.33 येतं. आईच्या डाव्या पायाचा भार चाळीस-पन्नास वर्षं उजव्या गुडघ्याने उचलला आहे. आता भिंत धरल्याशिवाय तिला उठता येत नाही. त्या गुडघ्याचाही हिशेब मांडायला हवा.

प्रशिक्षणात बराच वेळ बोगस दाखले कसे ओळखायचे यावर गेला. 2024 मध्ये बोगस दाखल्याचं जे प्रकरण गाजलं त्यानंतर सगळे डॉक्टर धास्तावलेत, ते मला समजतं. खोटा दाखला खऱ्या माणसाची जागा खातो. पण ज्याला चुकून नाकारलं तो गुपचूप घरी जातो, त्याची बातमी होत नाही. शेवटच्या दिवशी मी उठून तेवढं बोलले. पडद्याबद्दलही बोलले. आमच्या खोलीत पडदा नव्हता, मी कालच सिस्टरना सांगून बसवून घ्यायला लावलाय.

आई, तू पुन्हा तपासणीला जावंस असं मला वाटतं. माझ्याकडे नको, स्वतःच्या आईचे टक्के मी ठरवणं बरोबर नाही. तुमच्याच जिल्ह्याच्या सिव्हिलला जाऊ. तेच दार आहे, माहीत आहे मला. ऑनलाइन अर्ज मी इथून भरते. बाबा, आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि लोखंडी कपाटातल्या खाकी पाकिटातला 2004 चा कागद काढून ठेवा. जुनी चप्पलही आणा.

तारीख मिळाली की मी रजा टाकीन. बाकावर आई, तुझ्या शेजारी बसेन. आणि आत गेल्यावर "बरं आहे" म्हणू नकोस. खाली बसता येत नाही, तर येत नाही म्हण.

तुमची,
मनू