डब्याच्या पिशवीतलं पत्र

पंचवटी, नाशिक

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

रात्री जेवताना तू म्हणालीस, "बाबा, आम्ही नेटवर्कवाले, आमचा करंटशी काय संबंध?" मला झोप लागली नाही. समोर बसून बोलायला जमत नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या अंगठ्यावरची खूण तव्याची, असं तुला लहानपणी सांगितलं होतं. ती तव्याची नाही. सातपूरला वायरमन होतो, तेव्हा एका रॅकमागे काम निघालं. मेन पाडली, दिवे गेले, जोडीदार म्हणाला, "बंद आहे." मी हात घातला. यूपीएसची आउटपुट लाइन चालू होती. बाहेरची वीज गेली तरी बॅटरीवर तिथे २३० व्होल्ट येतच राहतात. हात झटक्याने सुटला म्हणून वाचलो. तू तेव्हा दीड वर्षाची होतीस.

म्हणून कुणी "बंद आहे" म्हणालं तरी स्वतः मोजून बघ. तुमच्या नेटवर्कच्या मोठ्या स्विचला दोन पॉवर सप्लाय असतात. एक वायर काढली तरी तो दुसऱ्यावर चालूच राहतो. आधी चालू सॉकेटवर मीटर लावून तो नीट दाखवतोय का पाहा, मग कामाच्या जागी लाव, मग पुन्हा त्या सॉकेटवर. मीटरच बिघडलेला असला तर शून्य दाखवेल आणि तू फसशील. तुझं काम चालू असताना दुसऱ्या कुणी एमसीबी वर करू नये, म्हणून तिथे कुलूप आणि पाटी लाव. पॉवर सप्लायचं झाकण तर उघडूच नकोस. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो.

अंगठी घरी ठेवून जा. विजा कडाडत असताना गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या केबलला हात लावू नकोस, साहेब कितीही घाई करोत.

परवा तू फायबरची पॅचकॉर्ड केबल कोपराला गुंडाळत होतीस. दोरी नाही ती, आत काच आहे. सैल, मोठ्या वेटोळ्यात ठेव. आणि तिच्या टोकात कधी डोकावू नकोस. आतून जाणारा लेझरचा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे डोळा आपोआप मिटतही नाही. सोललेल्या फायबरचे तुकडे झाकणाच्या डबीत टाक, आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडू नकोस.

पिशवीत माझा मल्टिमीटर ठेवलाय. बॅटरी नवी घातली आहे. लाल वायर प्लगपाशी थोडी चिरली होती, तीही बदलली.

तुझा,
बाबा