बिट्टूच्या हृदयविकारावरील औषधोपचारासाठी आवाहन

सर्व सभासद, देणगीदार व हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या प्राणी-निवाऱ्यातील सर्वांच्या परिचयाचा पॉमेरेनियन बिट्टू यास हृदयविकार जडला असून, हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप वयोमानाने जाड होऊन नीट मिटत नसल्यामुळे रक्त मागे फिरते आणि फुप्फुसांत पाणी साचते, असे निदान क्ष-किरण व इको तपासणीनंतर डॉक्टरांनी केले आहे. लहान चणीच्या वयस्क कुत्र्यांमध्ये हा विकार नेहमी आढळतो. औषधांनी झडप पूर्ववत होत नाही. मात्र नियमित उपचारांनी त्रास आटोक्यात राहून कुत्रे बरेच दिवस सुखाने जगू शकते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी गावभागात शिरले, तेव्हा पत्र्यावर अडकलेल्या बिट्टूला आपल्या कार्यकर्त्यांनी होडीतून सोडवून आणले, हे जुन्या सभासदांना आठवत असेलच. त्या दिवसांत मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्यांनी स्वतःचा माल एका कोपऱ्यात सारून गोदाम प्राण्यांसाठी मोकळे करून दिले, विश्रामबागच्या भगिनींनी दोन्ही वेळचा भात शिजवून पाठविला, आणि मिरजेच्या एका औषध विक्रेत्यांनी बिल कधी मागितलेच नाही. पुढे कोरोनाच्या साथीनंतर एका निवृत्त शिक्षकांनी घरातील ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर संस्थेस दिला. गेल्या महिन्यात रात्री बिट्टूला धाप लागून हिरड्या निळसर पडल्या, तेव्हा दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याच यंत्राचा आधार झाला. या सर्वांचे ऋण संस्था विसरलेली नाही.

तथापि एक गोष्ट नाइलाजाने नमूद करावी लागते. गतवर्षीचे आवाहन पुष्कळांनी हौसेने पुढे पाठविले, बिट्टूच्या छायाचित्राचे कौतुकही झाले; पावतीपुस्तक मात्र बहुतांशी कोरेच राहिले. पुरात धावून येणारे सांगलीकर रोजच्या गोळीसाठी का मागे राहतात, हे कार्यकारिणीस उमगलेले नाही.

हा खर्च एकदाचा नसून रोजचा आहे. हृदयाच्या आकुंचनाला बळ देणारी पिमोबेंडनची गोळी सकाळ-संध्याकाळ खाण्यापूर्वी तासभर आधी द्यावी लागते. फुप्फुसांतील पाणी कमी करण्यासाठी फ्युरोसेमाइड, शिवाय बेनाझेप्रिल व स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे चालू आहेत, आणि त्यांचा मूत्रपिंडावर व पोटॅशियमवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते. निवाऱ्यातील मावशी तो गाढ झोपला की घड्याळ समोर ठेवून त्याच्या छातीची हालचाल मोजतात व आकडा वहीत लिहितात. मिनिटाला ३० च्या आत श्वास असल्यास काळजी नसते. त्यावर जाऊन तेथेच राहिल्यास डॉक्टरांना तातडीने कळवावे लागते. फ्युरोसेमाइडमुळे त्याला तहान फार लागते व लघवीही वारंवार होते, म्हणून कोणी पाण्याचे भांडे उचलून ठेवू नये. भेटीस येणाऱ्यांनी प्रेमापोटी भडंग, पापड वा फरसाण मुळीच भरवू नये, कारण मिठाने अंगात पाणी धरते. (भडंगाचा मान सांगलीत मोठा असला तरी बिट्टूपुरता तो बाजूला ठेवावा.) गळ्यातील पट्टा काढून छातीचा पट्टा घातला आहे, तोच धरून त्याला उन्हापूर्वी थोडेसे फिरवावे, पळवू नये.

एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा किमान १०० रुपये नेमाने देणारे सभासद संस्थेस अधिक हवे आहेत. उन्हाळ्यापुरता जुना पण चालू कूलर, सुट्टीच्या दिवशी गोळ्या व श्वासांची नोंद सांभाळणारे स्वयंसेवक, तसेच तळमजल्यावर राहणारे व बिट्टूस घरी ठेवून घेण्यास तयार असलेले शांत कुटुंब यांचीही गरज आहे. औषधांचा खर्च अशा कुटुंबावर पडणार नाही. देणगी रोख वा धनादेशाने संस्थेच्या कार्यालयात सायंकाळी ६ ते ८ या वेळेत (रविवार बंद) द्यावी, पावती घ्यावी, खाते क्रमांक फलकावर आहे, वापरून उरलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखविल्याशिवाय परस्पर देऊ नयेत.

आपला स्नेहांकित,
सचिव, कार्यकारी मंडळाकरिता
सांगली