डोंगरगावचा डायनोसॉर चंद्रपुरात उभा राहावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावोगावच्या बागांत आणि प्रदर्शनांत फायबरचे डायनोसॉर दिसू लागतात. मान हलते, जबडा उघडतो, पोटात बसवलेल्या स्पीकरमधून डरकाळी येते. त्यात सर्वांत लाडका टी-रेक्स. हा प्राणी उत्तर अमेरिकेतला. भारतात त्याचे एकही हाड मिळालेले नाही. मुलांना मजा येते, येऊ द्या. माझे दुःख वेगळे आहे. मी वरोऱ्यात विज्ञान शिकवतो. इथून जवळच असलेल्या डोंगरगावच्या टेकडीतून एका प्रचंड डायनोसॉरचा सांगाडा निघाला, जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर लिहिले, पण माझ्या वर्गातल्या मुलांना तो कसा दिसत होता हे दाखवायला जिल्ह्यात एकही ठिकाण नाही. याबद्दल आपल्या दैनिकातून चार शब्द मांडायचे आहेत.

या प्राण्याचे नाव आयसिसॉरस कोलबर्टी. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आयएसआयच्या पथकाने १९८०च्या दशकात तो खणून काढला. सोहन लाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला टायटॅनोसॉरस या जुन्या गटात घातले होते. २००३ साली विल्सन आणि अपचर्च या अभ्यासकांनी तो वेगळाच आहे हे दाखवून दिले आणि आयएसआयच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नवे नाव दिले. लांब मानेच्या, चार पायांवर चालणाऱ्या शाकाहारी डायनोसॉरांपैकी तो एक, पण त्याची ठेवण जरा निराळी. पुढचे पाय चांगले लांब, खांद्यापासून कोपरापर्यंतचे एकच हाड सुमारे दीड मीटरचे, आणि मान त्या मानाने आखूड. दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमारास, साधारण पावणेसात कोटी वर्षांपूर्वी, तो आपल्या या भागात चरत होता.

आता मुद्द्याची गोष्ट. त्याची मान, पाठ, कमर आणि शेपटीचे मणके मिळाले, फासळ्या मिळाल्या, कमरेची हाडे, खांदा आणि पुढचा पाय मिळाला. कवटी मिळाली नाही. मागचे पायही मिळाले नाहीत. म्हणजे उद्या कोणी त्याचा पूर्ण सांगाडा उभा केला, तर त्यातले डोके आणि मागचे पाय हे त्याच्या भाऊबंदांवरून बांधलेला अंदाज असतील. यात लाजण्यासारखे काहीच नाही. जगातला जवळपास प्रत्येक मोठा सांगाडा असाच उभा राहिलेला आहे. अट एकच, की पाहणाऱ्याला ते सांगितले पाहिजे.

लांब मानेच्या डायनोसॉरांची डोकी तर हमखास हरवतात. कवटीची हाडे पातळ, मानेशी जोड नाजूक. प्राणी मेला की डोके लवकर सुटते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयातला अ‍ॅपॅटोसॉरस कित्येक वर्षे बिनडोक्याचा उभा होता, मग त्याला दुसऱ्याच जातीच्या डायनोसॉरचे डोके बसवले गेले आणि ते १९७९ साली बदलले. कोलकात्याला आयएसआयच्या संग्रहालयात बारापासॉरस टागोरी उभा आहे. त्याचीही कवटी मिळालेली नाही, फक्त दात मिळाले. हा बारापासॉरसही आपल्या शेजारचाच. सिरोंचाच्या आसपास, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, १९६०-६१च्या सुमारास किमान सहा प्राण्यांची मिळून तीनशेच्या आसपास हाडे निघाली आणि त्यांवरून हा एक सांगाडा जुळवला गेला. ज्या खडकांत ती होती त्यांचे नावच सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरून पडले आहे. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष, म्हणून प्राण्याच्या नावात टागोरी. म्हणजे भारतातले दोन महत्त्वाचे डायनोसॉर आमच्या पूर्व विदर्भाशी जोडलेले आहेत आणि दोघेही पाहायचे तर हावड्याचे तिकीट काढावे लागते.

मूळ हाडे कोलकात्याहून परत आणा, असे मी मुळीच म्हणत नाही. ती तिथे सुरक्षित आहेत आणि अभ्यासकांना हाताळायला मिळतात. जीवाश्म दिसायला दगड असला तरी तो फार कच्चा असतो. शेतात हाड दिसले की ते ओढून काढायचे नसते. आधी भोवतीची माती कोरत कोरत त्याला मातीच्या ओट्यावर उभे ठेवतात, भेगांत डिंकासारखे द्रावण सोडतात, वरून ओला कागद चिकटवतात, मग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात. ते सुकून कडक झाले की खालून तोडून अख्खे गाठोडे उलटे करायचे आणि खालच्या बाजूलाही तसेच करायचे. मग प्रयोगशाळेत बारीक छिन्नीने महिनोन्महिने सफाई. हे सगळे नीट जमले नाही तर काय होते, याचे उदाहरण तामिळनाडूत आहे. तिथल्या बृहत्कायोसॉरसचे पायाचे हाड एवढे मोठे होते की तो जगातल्या सर्वांत अवाढव्य प्राण्यांपैकी एक असावा असे अनेकांना वाटते. पण ते हाड गुंडाळलेल्या प्लास्टरच्या आतच भुगा झाले. आज त्याची रेखाटने आणि छायाचित्रे तेवढी आहेत, आणि त्यावरचा वाद कधीच मिटणार नाही कारण पुन्हा मोजायला हाडच नाही.

म्हणून माझी मागणी ठशांची आहे, म्हणजे मूळ हाडावरून साचा घेऊन बनवलेल्या हुबेहूब प्रतीची. कोणी म्हणेल, नकली हाडे पाहायला कोण येणार? लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधला डिप्पी, ज्याला पाहायला पिढ्यान्‌पिढ्या मुले येत राहिली, त्यात एकही खरे हाड नाही. अमेरिकेत सापडलेल्या डिप्लोडोकसची ही २९२ तुकड्यांची प्लास्टरची प्रत अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली भेट दिली. तशाच प्रती बर्लिन, पॅरिस, व्हिएन्ना, माद्रिद इथेही गेल्या. प्रत असल्यामुळे एक मोठी सोय होते. ज्ञान बदलले की सांगाडा बदलता येतो. डिप्पीची शेपटी आधी जमिनीवर लोळत होती. हे प्राणी शेपटी उचलून चालत, असे कळल्यावर १९९३ साली ती वर उचलली गेली. उलट ब्रुसेल्सच्या संग्रहालयातले इग्वानोडॉन पाहा. १८७८ साली बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत ते मिळाले आणि लुई डोलो यांनी ते कांगारूसारखे शेपटीवर टेकवून उभे केले. शेपटी खरे तर ताठ होती, त्या बैठकीत ती बसेना, म्हणून ती वाकवावी लागली. आज ती चूक सगळ्यांना माहीत आहे, पण खरी हाडे पुन्हा हलवणे धोक्याचे, म्हणून ते तसेच उभे आहेत. प्रतीला ही भीती नाही. आता तर हाडाला हात न लावता त्रिमितीय स्कॅन करून साचा बनवता येतो.

ही प्रत उभी राहील तेव्हा एवढे नक्की पाळले जावे: मिळालेली हाडे एका रंगात आणि अंदाजाने बांधलेली दुसऱ्या, स्पष्ट वेगळ्या रंगात. अभ्यासक कागदावर सांगाडा काढतात तेव्हा हेच करतात, काळ्या बाह्याकृतीत मिळालेले हाड पांढरे आणि न मिळालेले करडे. शाळेतल्या मुलाला हा फरक एका नजरेत कळतो, आणि मग तो जो प्रश्न विचारतो ना, 'सर, मग डोकं असंच होतं हे कशावरून?', त्या एका प्रश्नासाठी मला हा सांगाडा हवा आहे. डरकाळी फोडणाऱ्या फायबरच्या पुतळ्यापुढे हा प्रश्न कुणालाच सुचत नाही, कारण तिथे सगळेच सारख्या रंगाने रंगवलेले असते.

त्याच दालनात पिजदुऱ्यालाही जागा मिळावी. भूशास्त्राच्या पुस्तकांत पिसदुरा म्हणून छापले जाणारे हे गावही वरोऱ्याजवळचेच. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे कॉलेज आजही नागपुरात आहे, त्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इथली हाडे गोळा केली होती. पण पिजदुऱ्याचे खरे वैभव म्हणजे दगड झालेली विष्ठा. शेतात पावसानंतर मातीवर उघडी पडलेली ही ढेकळे बटाट्याएवढी, करड्या रंगाची, हातात घेतली की अनपेक्षित जड लागतात आणि त्यांवर वळ्या स्पष्ट दिसतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा आत गवताच्या पात्यांतले वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण सापडले, तेही निरनिराळ्या प्रकारच्या गवतांचे आणि त्यात भाताच्या कुळाच्या जवळचेही. २००५ साली हे प्रसिद्ध होईपर्यंत डायनोसॉरांच्या काळात गवत इतके विविध झाले असेल, असे फारसे कोणी धरत नव्हते. जगभरच्या पाठ्यपुस्तकांतली चित्रे या आमच्या शेतातल्या ढेकळांनी बदलायला लावली. पण गावात कोणी पाहुणा आला की खिशात घालून नेण्याची वस्तू, एवढीच आज त्यांची किंमत आहे. जीवाश्म जागेवरून उचलला की तो कुठल्या थरातला हे कळायचा मार्गच संपतो, हे लोकांना सांगायला तिथे फलकही नसेल तर दोष लोकांना कसा द्यावा?

जिल्हा प्रशासनाने, विद्यापीठाने आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाने एकत्र बसून आयएसआयकडे साच्यांसाठी रीतसर विनंती करावी. जागा चंद्रपूरला असो की वरोऱ्याला, छप्पर पक्के असावे आणि फलक मराठीत असावेत. सिरोंच्याजवळ वडधमला वनविभागाचे जीवाश्म उद्यान आहेच. चंद्रपूरची प्रत उभी राहिली की बारापासॉरसच्या प्रतीसाठी त्याचाही विचार व्हावा. शाळांच्या सहलींचा मार्ग आखून देण्याचे आणि मुलांसाठी माहितीपत्रक लिहून देण्याचे काम आम्ही शिक्षक आनंदाने करू.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
वरोरा, जि. चंद्रपूर