कार्ड फक्त कादंबऱ्यांसाठी काढू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, "आता कादंबऱ्या वाचून डोळे दुखतात, मग वाचनालयाची वर्गणी कशाला भरायची?" असं तुम्ही विचारलंत. कादंबऱ्या राहू द्या. बहुतेक सभासद देवघेवीच्या खिडकीवरूनच परत फिरतात आणि खरा माल राहतो आतल्या दारामागे. तुमच्या दोघांच्या कामाचं तेवढं लिहिते.

आधी ट्रंकेतला मोडी कागद. त्याला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका (त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो) आणि ओल्या फडक्याने तर अजिबात पुसू नका. जुनी शाई काजळाची असते, पाणी लागलं की पसरते. घडी हळूहळू उलगडा, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तक ठेवा आणि दिवसभर तसंच राहू द्या. मग खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, फोन कागदाच्या बरोबर वर धरून फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. कागद लांब असेल तर तुकड्यातुकड्याने घ्या, मात्र प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा आला पाहिजे. मागची बाजूही घ्या. शेरा पुष्कळदा तिथेच असतो.

साल आकड्यांत मिळेलच असं नाही. पेशवाईतल्या कागदांत ते शुहूर सनात आणि अरबी शब्दांत लिहायची पद्धत होती. "अर्बा सबैन मया व अलफ" म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण 1174. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1773. हे साल मृगापासून सुरू होतं, म्हणून मृगसाल. जानेवारी ते मृगापर्यंतची तारीख असेल तर 600 मिळवायचे. शक दिलेला असेल तर 78, आणि शकवर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79.

हे फोटो घेऊन सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जा. राजवाडे-मेहेंदळ्यांनी 1910 साली स्थापलेली ही संस्था, तुमच्या घरापासून चालत जाण्याजोगी. मोडी जाणणारी माणसं तिथे भेटतात. आधी लिप्यंतर (मोडीतला मजकूर जसाच्या तसा देवनागरीत) मागा, अर्थ नंतर. दोन्ही एकदम मागितलं की वाचणारा आपला अंदाज मजकुरात घालतो आणि मग मूळ शब्द कोणता होता ते कळत नाही. पुढे पेशवे दफ्तरात (पेशवाईतल्या सरकारी कागदांच्या पुण्यातल्या संग्रहात) शोधायचं ठरलं, तर नुसतं आडनाव घेऊन जाऊ नका. तिथले कागद रुमालांत बांधलेले असतात, आणि ते रोजकीर्द (रोजच्या नोंदी), प्रांत अजमास (प्रांतांचे अंदाज) अशा दफ्तरांप्रमाणे लावलेले, घराण्यांप्रमाणे नव्हे. गाव, परगणा आणि अंदाजे साल सांगता आलं तरच काही हाती लागतं. सोबत पेन्सिल न्या, पेन नको.

आता तुम्ही सोडवता त्या शब्दकोड्यांचं. वाचनालयाच्या संदर्भ विभागातली पुस्तकं घरी मिळत नाहीत, पण बसून हवी तितकी चाळता येतात. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात जुन्या व्यवहारातले, बोलीतले शब्द आहेत. मोडी कागदासाठीही तोच उपयोगी पडेल. विश्वकोश संगणकावर फुकट वाचता येतो, त्यासाठी रिक्षा करायला नको.

जुनं पुस्तक "नाही" असं उत्तर आलं, तर लगेच मानू नका. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांच्या नावात ते असतात. यादीत "पुण्यांतील" असेल आणि तुम्ही "पुण्यातील" टंकलंत, तर संगणक सरळ नाही म्हणतो. दोन्ही तऱ्हांनी शोधायला सांगा, मग लेखकाच्या आडनावाने, मग रोमन अक्षरांत. तरीही नाही म्हणाले, तर पुस्तकांच्या यादीची जुनी कार्डं किंवा दाखल नोंदवही आहे का ते विचारा. पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, पुणे मराठी ग्रंथालय 1911 चं. एवढ्या जुन्या संग्रहात धीर धरूनच शोधावं लागतं. काउंटरवर गर्दी असताना हे काढू नका बरं का, बाबा. दुपारी जा.

आई, तुझ्यासाठी. चष्म्याने किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनने भागत असेल, तर पुढचं तुला लागू नाही. पण डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने छापील मजकूर दिसेनासा झाला असेल, किंवा हाताने पुस्तक धरवत नसेल, तर 2016 साली सुरू झालेलं "सुगम्य पुस्तकालय" आहे. हे ऑनलाइन ग्रंथालय खास अशा वाचकांसाठी आहे आणि नोंदणीला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. त्यातली पुस्तकं फोन मोठ्याने वाचून दाखवू शकतो. इंटरनेटवर मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ बऱ्याचदा नुसती पानांची चित्रं असतात. त्यात मजकूर नसतो, म्हणून फोन गप्प बसतो किंवा अर्धंमुर्धं काहीतरी बडबडतो. फोन बिघडला म्हणून दुकानात नेऊ नकोस.

दिवाळी अंकांचंही बघ. पुष्कळ वाचनालयं ठराविक रक्कम घेऊन अंक आळीपाळीने घरी देतात. नाव दिवाळीआधी नोंदव. नंतर गेलं की चांगले अंक महिनोन्महिने दुसऱ्यांच्या घरी असतात आणि आपल्या वाट्याला राशिभविष्याचे उरतात.

कार्ड काढताना पत्त्याचा पुरावा आणि फोटो न्या. अनामत आणि वर्गणी वेगवेगळी असते. वर्गणी खर्ची पडते, अनामत परत मिळते. मात्र त्यासाठी बहुतेक ठिकाणी मूळ पावती मागतात. ती विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात न टाकता पासबुकाच्या कव्हरमध्ये ठेवा. निघण्याआधी सुट्टीचा वार फोन करून विचारा.

मोडी कागदाचे फोटो काढलेत की ज्यात साल दिसतं तो आधी मला पाठवा.

तुमची,
मीनू