पाणी, दाब आणि दोन टक्के

फोंडा, गोवा
१२ जुलै

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

मुग्धा एम.एस्सी. फिजिक्स झाली, आता कॅन्सरच्या रेडिएशनवर संशोधन करायचं म्हणते, आणि तू विचारतोस, मग ती डॉक्टर होणार की प्रोफेसर? रेडिएशन कुठे आणि किती ग्रे (डोसचं एकक) द्यायचं ते डॉक्टर ठरवतो. ठरलं तेवढंच आणि ठरल्या जागीच पोचतं की नाही, हा हिशेब मेडिकल फिजिसिस्टचा. पुढे पीएचडी होऊन ती प्राध्यापक झाली तरी हा हिशेब तिने सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून थेट पीएचडीला नाव घालायची घाई नको. आधी रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. भाभा अणुसंशोधन केंद्रातला एक वर्षाचा अभ्यासक्रम १९६२ पासून चालू आहे, काही विद्यापीठांतही सोय आहे. मग मान्यताप्राप्त रेडिओथेरपी विभागात १२ महिने इंटर्नशिप, आणि आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) लेव्हल-३ ची परीक्षा. हे नसेल तर हॉस्पिटलात फिजिसिस्ट म्हणून उभं राहता येत नाही, मग संगणकावर केलेला प्रबंध कितीही जाड असो.

इंटर्नशिपमध्ये तिने एकच गोष्ट हाडात मुरवून घ्यावी, ती म्हणजे मशीनचं आउटपुट, ते प्रत्यक्षात किती डोस देतं ते, मोजणं. ३० सेंमी लांबी-रुंदी-उंचीची पाण्याची टाकी, १० बाय १० सेंमीचं फील्ड (बीमचा चौकोन), पाण्याचा पृष्ठभाग किरणांच्या उगमापासून १०० सेंमीवर आणि १० सेंमी खोलीवर ०.६ सीसीचा फार्मर चेंबर, म्हणजे किरणांमुळे आतल्या हवेत सुटणारा चार्ज मोजणारी छोटी पोकळ नळी. खोली एक मिलिमीटर चुकली तर ६ एमव्हीच्या (मेगाव्होल्ट) बीमला जवळजवळ अर्धा टक्का गेला. टाकी आदल्या संध्याकाळी भरून ठेवायची आणि थर्मामीटर पाण्यात बुडवायचा; बाष्पीभवनामुळे पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड असतं, आणि एका अंशाला ०.३४ टक्के जातात. मग १०० एमयू (मॉनिटर युनिट, मशीनचं डोस मोजून द्यायचं माप) देऊन तीन-चार रीडिंग. ती साधारण १२ नॅनोकूलंब चार्जच्या आसपास यावीत. चेंबरचं व्होल्टेज उलटं करून पुन्हा, अर्धं करून पुन्हा, आणि दर बदलानंतर आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. इथंच नवी मुलं घाई करतात.

आता खरी गंमत बघ. चेंबरच्या पोकळीतली हवा बाहेरच्या हवेला जोडलेली असते. हवा तापली किंवा दाब उतरला की पोकळीत हवा कमी, म्हणजे चार्जही कमी. चेंबरचं कॅलिब्रेशन २० अंश आणि १०१३.२५ हेक्टोपास्कलला बांधलेलं असतं. आपल्याकडे पावसाळ्यात समज पाणी २३ अंशांवर आणि दाब १००३. तापमानाचा एक टक्का, दाबाचा एक टक्का, मिळून रीडिंगला लावायचा गुणक १.०२०६. तो लावायला विसरलास तर मशीन दोन टक्के कमी देतंय असं दिसतं, तू ते वर चढवतोस, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला दोन टक्के जास्त. पहिल्या मोजणीपासून रुग्णापर्यंत सगळं मिळून चूक ५ टक्क्यांच्या आत हवी, असं आयसीआरयूने (रेडिएशनच्या मोजमापांची आंतरराष्ट्रीय समिती) १९७६ मध्येच सांगून ठेवलंय. त्यातले दोन इथंच संपले.

शिवाय मोबाइलवरचा हवेचा दाब बहुधा समुद्रसपाटीला आणलेला असतो. मांडवीकाठी तो चालून जातो. पन्नास मीटरांचं पठार चढलं की सहा हेक्टोपास्कल कमी, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक. तिला उद्या घाटावर, कोल्हापूर-पुण्याकडे जागा मिळाली आणि तिने तोच आकडा घातला, तर चूक सहा टक्क्यांच्या घरात! खोलीत स्वतःचा तपासलेला बॅरोमीटर हवाच. आणि दमटपणाला लोक उगाच घाबरतात. २० ते ८० टक्के आर्द्रतेत वेगळा गुणक लागत नाही. दगा देतो तो केबलचा ओलावलेला कनेक्टर. बीम बंद ठेवून एक मिनिट आकडा बघायचा; सरकत असेल तर सिलिका जेलच्या डब्यात ठेवून कोरडा करायचा, मगच पुढे.

मोजलंच नाही तर काय होतं? अमेरिकेतल्या ओहायोत १९७४ ते ७६ या काळात किरणोत्सारी कोबाल्टवर चालणाऱ्या मशीनचं आउटपुट मोजण्याऐवजी ग्राफवरच्या रेषेवरून घेत राहिले. कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, महिन्याला जेमतेम एक टक्का उतरतो; कागदावरची रेषा त्याहून वेगाने उतरत गेली आणि उपचाराची मिनिटं वाढत गेली. ४२६ रुग्णांना १० ते ४५ टक्के जास्त डोस. २२ महिने कुणी बीममध्ये चेंबर धरला नव्हता.

आता संशोधनाचा विषय. वीस रुग्णांच्या सीटीवर दोन तंत्रांनी उपचाराचे प्लॅन करायचे आणि कुठलं चांगलं ते छापायचं, असे पेपर ढिगाने निघतात. तिला यापासून लांब ठेव. ज्या तंत्रावर प्लॅन करणाऱ्याचा जीव, त्यावर तो तीन तास घासतो आणि दुसरं अर्ध्या तासात उरकतो. मग निकाल तंत्राचा की हाताचा? तुलना करायचीच तर दोन्हींना आधीच लिहून ठेवलेली तीच उद्दिष्टं, तेवढाच वेळ, आणि तपासणाऱ्याला कुठला प्लॅन कुणाचा ते कळू द्यायचं नाही. मला विचारशील तर छोट्या फील्डचं मोजमाप हा विषय अजून कसदार आहे. तीन सेंमीच्या आत फार्मर चेंबर फील्डपुढे मोठा पडतो, कडेची घसरण सरासरीत मिसळते आणि डोस कमी दिसतो. आयएईएची (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची) टीआरएस-४८३ ही छोट्या फील्डची संहिता २०१७ ची, आणि नेहमीच्या मोजणीच्या टीआरएस-३९८ ची सुधारित आवृत्ती २०२४ ची. दोन्ही तिने वाचायला घ्यावीत.

मशीन दिवसभर रुग्णांचं, संशोधकाच्या वाट्याला संध्याकाळ नाहीतर शनिवार. वहिनींना हे आधीच सांगून ठेव. त्यांची दुसरी काळजी रेडिएशनची असणार. काम करणाऱ्याच्या अंगावर येणाऱ्या डोसची वर्षाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्ट, आणि टीएलडी बॅज (तो डोस मोजणारा अंगावरचा बिल्ला) दर तीन महिन्यांनी तपासायला जातो.

चवथीला येशील तेव्हा तिलाही घेऊन ये. येताना एक गणित करून आणायला सांग: पाणी २६ अंश, दाब १००६, गुणक किती? चार दशांशांपर्यंत.

तुझा,
दिलीप