ती रात्र मला लख्ख आठवते, पण ती तशी घडलीच नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला स्मरणशक्तीवरचा लेख वाचला. नावं विसरणं, चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं, उतारवयातला विसराळूपणा आणि त्यावरचे उपाय, हे सगळं त्यात आहे. पण विसरलेलं माणसाला निदान कळतं तरी. चुकीचं आठवलेलं कळतच नाही, आणि त्याबद्दल लेखात एक ओळही नाही, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं न्यायालयात लघुलेखिका होते. लघुलिपीत उच्चारलेलं सगळं लिहीत नाहीत. व्यंजनांच्या रेघा ओढायच्या, स्वर बहुतेक गाळायचे आणि टंकलेखनाला बसल्यावर संदर्भाने भरायचे. त्याच दिवशी बसलं तर अडत नाही, कारण साक्षीदाराचा आवाज अजून कानात असतो. आठवड्याने वही उघडली की एकाच रेघेतून दोन शब्द निघू लागतात आणि जो सोयीचा असेल तो आपण उचलतो. म्हणून नोट्स शिळ्या होऊ द्यायच्या नाहीत, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलेलं असायचं.

आठवणीचंही असंच असतं, हे मला निवृत्तीनंतर वाचनातून कळलं. मेंदूत घडलेल्या प्रसंगाची चित्रफीत साठवलेली नसते. काही खुणा असतात. उरलेलं आपण दर वेळी आठवताना भरतो: समजुतीतून, नंतर ऐकलेल्यातून, कोणी विचारलेल्या प्रश्नातूनसुद्धा. आणि भरलेला भाग खुणांमध्ये असा मिसळतो की पुढच्या वेळी तो वेगळा काढता येत नाही.

प्रश्नाचं मी मुद्दाम म्हणते. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारताना ‘धडकल्या’च्या जागी ‘आदळून चुरडल्या’ अशा अर्थाचा शब्द घातला. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण हो म्हणाले, दुसरा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६. एका क्रियापदाने एवढा फरक. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नाही. उलटतपासणीतली किती क्रियापदं मी या हातांनी उतरवली असतील, आणि प्रश्नाचा शब्द उत्तरात जाऊन बसताना किती वेळा ऐकला असेल!

याची किंमत कधी कधी दुसराच माणूस मोजतो. अमेरिकेत १९८४ साली एका तरुणीवर बलात्कार झाला. पुढे ओळखता यावा म्हणून तिने त्या वेळीही हल्लेखोराचा चेहरा नीट पाहून ठेवला होता. तिने फोटोंतून रोनाल्ड कॉटन यांना निवडलं. ओळख परेडमध्ये पुन्हा त्यांनाच, आणि पोलिसांनी तिला सांगितलं की फोटोत निवडलेला माणूस हाच. तिची खात्री पक्की झाली. पुढे खरा गुन्हेगार तिच्यासमोर न्यायालयात उभा केला, तरी तिने त्याला ओळखलं नाही, कारण तोवर मनात कॉटन यांचाच चेहरा बसला होता. १९९५ मध्ये डीएनए तपासणीने ते सुटले, दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून. ती मुलगी खोटं बोलत नव्हती. अशा प्रामाणिक, ठाम आवाजाचे साक्षीदार मी कितीतरी ऐकलेत आणि त्यांच्या ठामपणावर मनातल्या मनात विश्वास ठेवलाय.

आता माझ्या घरातलं सांगते.

आई गेली त्या रात्री मी एकटी तिच्या उशाशी होते, असं मी १४ वर्षं सांगत आले. दादा आलाच नाही. पहाटे आईने माझा अंगठा घट्ट धरला आणि मग हळूहळू सोडला. तो स्पर्श मला आजही जाणवतो. दादाशी मी बोलत होते, पण तेवढ्यास तेवढं.

मागच्या वर्षी कपाट आवरताना त्या आठवड्यातली माझी वही सापडली. औषधांच्या वेळा, डॉक्टरांच्या सूचना, सगळं लघुलिपीत, पेन्सिलीने. शेवटच्या पानावर रेघा घाईच्या होत्या, पण अक्षर माझंच, शंकेला जागा नाही. ‘१.२० दादा आला. मी खाली बाकावर आडवी झाले. ४.४० दादाने उठवलं. आई गेली. दादाचा अंगठा धरला होता म्हणाला.’

अंगठा त्याचा होता. त्याने सांगितलेलं मी माझ्या हातावर घेतलं होतं. ऐकलेलं आणि अनुभवलेलं, त्यातलं काय कुठून आलं याची नोंद मन फार कच्ची ठेवतं.

१९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर लगेच हवेतच फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी कळली हे लिहून घेतलं होतं. सुमारे अडीच वर्षांनी ४४ जणांना पुन्हा विचारलं, तेव्हा जवळपास एक चतुर्थांश जणांची उत्तरं मुख्य बाबींत सपशेल चुकली. स्वतःच्या हाताने लिहिलेलं दाखवूनही मूळ आठवण कोणाला परत आली नाही. माझंही तसंच झालं. वही वाचली, विश्वास ठेवला, पण त्या बाकावरची झोप मला काही केल्या आठवत नाही. डोळे मिटले की अजूनही मीच आईपाशी बसलेली दिसते.

मी दादाला फोन केला. वही वाचून दाखवली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तुला तसं आठवून बरं वाटत असेल, असं समजून मी कधी बोललो नाही.” चौदा वर्षं त्याने माझा राग सोसला.

माझं मागणं असं आहे. साक्षीदाराचा जबाब शक्य तितक्या लवकर, त्याच्याच शब्दांत, प्रश्नात उत्तर न पेरता घ्यावा. ओळख परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसावं. साक्षीदाराला कितपत खात्री आहे हे पहिल्याच ओळखीच्या वेळी नोंदवावं, महिन्यांनी पिंजऱ्यात उभं राहिल्यावरचा ठामपणा पाहून नव्हे. यावर आपल्या वृत्तपत्राने कायद्याच्या आणि मानसशास्त्राच्या जाणकारांकडून लिहून घ्यावं. आणि पुरवणीत पुढचा लेख या विषयावर द्यावा, विसरण्यावर नव्हे. माझी वही दाखवायला मी तयार आहे. लघुलिपी वाचणारं कोणी आता सहज मिळत नाही, तेव्हा वाचूनही मीच दाखवीन, पण शेजारी दुसरा जाणकार बसवूनच.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका