टेक्सासमध्ये टॅक्स नाही, हे कुठून आणलंत?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला टेक्सासमधल्या, डॅलसजवळच्या कॉलिन काउंटीवरचा (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) लेख वाचला, इथे टॅक्स नाही त्यामुळे हप्ता हलका, घर घ्या आणि पाच वर्षांनी विका असं सांगणारा. आमच्या आत्याने पुण्याहून पाठवला, सोबत तिच्या मुलासाठी निरोप, की आता तरी घर बुक कर. तो इकडे अर्व्हिंगला भाड्याने राहतो, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, आणि मी कधीपासून त्याच्या मागे लागलोय की याच काउंटीतल्या प्रिन्स्टनच्या त्या घराची सही करायच्या आधी सगळा हिशोब लिहून माग. तुमच्या एका पानानंतर आता घरात कोणी माझं ऐकत नाही, म्हणून हे पत्र.

लेखात टोयोटा आहे, गोल्फवाली पीजीए आहे, काउंटीतल्या फ्रिस्को शहराची लोकसंख्या आहे. ते खरंच आहे. फ्रिस्को २००० साली ३४ हजारांच्या आत होतं आणि २०२० च्या जनगणनेत दोन लाखांवर गेलं, टोयोटाने २०१७ ला शेजारच्या प्लेनो शहरात हेडक्वार्टर आणलं, त्यामागून नोकऱ्या आल्या, माझीही त्यातलीच. पण "टॅक्स नाही त्यामुळे हप्ता हलका" हे वाक्य कोणी लिहिलं? राज्याचा इन्कम टॅक्स नाही एवढंच खरं. म्हणून तर शाळा, सिटी, काउंटी, कॉलेज सगळे आपापला हिस्सा घरावर लावतात, मिळून घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास दरवर्षी होतात, आणि बऱ्याच नव्या कॉलन्यांमध्ये त्याच्या वर पीआयडी, म्हणजे कॉलनीतले रस्ते आणि ड्रेनेज यांचा खर्च वर्षानुवर्षं घरमालकाकडूनच वसूल.

माझं सांगतो. २०२३ च्या शेवटी आम्ही प्रिन्स्टनला नवीन घर घेतलं, साधारण साडेतीन लाख डॉलरचं. तेव्हा ३० वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर ७.७९ टक्क्यांपर्यंत चढला होता (२०२१ च्या जानेवारीत हाच २.६५ होता), त्यामुळे बिल्डरने त्याच्याच लेंडरकडून लोन घेतलं तर व्याज पहिल्या वर्षी दोन टक्के आणि दुसऱ्या वर्षी एक टक्का कमी अशी ऑफर दिली. ते कागदावर होतं, ते वाढणार हे माहीत होतं. पण एस्क्रोमध्ये (म्हणजे टॅक्स आणि इन्शुरन्ससाठी हप्त्यासोबत पैसे जमा होतात त्या खात्यात) टॅक्सचा आकडा त्यांनी धरला तो रिकाम्या प्लॉटचा! इथे टॅक्ससाठी धरायची किंमत १ जानेवारीला काय उभं आहे त्यावर ठरते, आणि त्या जानेवारीत आमच्या जागेवर नुसती माती होती. मी तिथेच विचारलं की घर धरून टॅक्स किती होईल, तर सेल्सवाली बाई म्हणाली लेंडरला विचारा, लेंडर म्हणाला काउंटीचा आकडा आला की कळेल. पूर्ण किंमत गुणिले दर, एवढाच हिशोब आहे, आणि रोज घरं विकणाऱ्यांना तो येत नाही असं मी मानणार नाही. त्यांना हप्ता लहान दाखवायचा होता. मग २०२४ चा टॅक्स पूर्ण घरावर आला, एस्क्रो खड्ड्यात गेलं, आणि २०२५ च्या सुरुवातीला पत्र आलं: मागची तूट बारा महिन्यांत भरा, शिवाय यापुढचा टॅक्स पूर्ण घराच्या आकड्याने. त्यात व्याजाच्या सवलतीतला एक टक्का गेलेला. सगळं मिळून हप्ता महिन्याला हजार डॉलरहून जास्त वाढला. बायकोने शनिवारचंही काम धरलं, मुलीचा डान्स क्लास बंद केला.

कोणीतरी म्हणेल होमस्टेड एक्झम्प्शन, म्हणजे राहत्या घराला टॅक्समध्ये सूट, आहे की. आहे, मी पहिल्याच जानेवारीत फॉर्म भरला होता. पण घराच्या किमतीतली ती एक लाख डॉलरची सूट (आता एक लाख चाळीस हजार झालीय) फक्त शाळेच्या टॅक्सवर लागते. आणि टॅक्ससाठी धरलेल्या किमतीत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नाही हा जो नियम सगळे सांगतात, तो प्लॉटवर नवीन घर उभं राहिलं त्या वाढीला लागूच नाही.

प्रिन्स्टन २०२३-२४ मध्ये लोकसंख्येने ३०.६ टक्के वाढलं आणि देशात पहिलं आलं, हे तुम्ही ठळक छापलंत. त्याच सिटीने सप्टेंबर २०२४ मध्ये नवीन घरांच्या परवानग्या थांबवल्या, कारण पाणी, सांडपाणी, पोलीस काहीच पुरेना, ती ओळ कुठे गेली? हायवे ३८० वर सकाळी एकदा गाडी चालवून बघा. आणि त्याच काउंटीत जुन्या प्लेनोमध्ये मुलं कमी झाली म्हणून २०२४ ला चार शाळा बंद करायचं ठरलं. म्हणजे काउंटी सगळीकडे सारखी वाढत नाहीये, आणि सरसकट "घ्या आणि पाच वर्षांनी विका" म्हणणं चुकीचं आहे. विकायचं म्हटलं तर शेजारच्या फेजमध्ये बिल्डर तेच घर कमी व्याजात आणि क्लोजिंग कॉस्ट, म्हणजे खरेदीच्या कागदपत्रांचा खर्च, माफ करून देतोय, मग आपलं वापरलेलं घर कोण घेणार. आमच्या गल्लीत 'विकणे आहे'चे दोन बोर्ड कधीचे उभे आहेत. गारांमुळे इन्शुरन्स वाढतो तो वेगळाच.

आत्याच्या मुलाची मला जास्त काळजी वाटते ती व्हिसामुळे. नोकरी गेली तर एच-वनवाल्याला दुसरी शोधायला किंवा देश सोडायला साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत नवीन नोकरी बघायची की घर विकायचं? त्यात २०२५ च्या सप्टेंबरपासून याच व्हिसावर अमेरिकेबाहेरून नवीन माणूस आणायचा तर कंपनीला एक लाख डॉलर फी, म्हणजे ही घरं घेणारे आपले लोक पुढे किती येतील? अर्थव्यवस्थेच्या भवितव्यावर लेख लिहिता आणि यावर एक परिच्छेद नाही.

अजून एक. ई-पेपरमध्ये लेखाच्या खालीच परदेशस्थ मराठी माणसांसाठी प्लॉटची जाहिरात आहे, त्याच फॉन्टमध्ये, त्याच रंगात. माझ्या आत्याला ती बातमीचाच भाग वाटली आणि त्या नंबरवर तिने फोनसुद्धा केला. सत्तरीच्या वाचकांना हे वेगळं दिसेल असं छापा, एवढी तरी जबाबदारी घ्या.

टॅक्सच्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत, लेख जिथे होता त्याच पानावर यायला हवी. आणि सोबत हेही छापा, की नवीन घर घेताना लेंडरकडून पूर्ण घराच्या किमतीवर धरलेला टॅक्स आणि पीआयडी दोन्ही घालून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा हप्ता लेखी घ्यावा, तो देत नसेल तर सही करू नये. आत्याच्या मुलाची सही महिनाअखेरीला आहे, त्याच्या आत आलं तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, प्रिन्स्टन, टेक्सास